अडतीस नंबर

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी नेत्राचा फोन आला, तेव्हा देवदत्त ऑफिसात एका कॉन्फरन्स कॉलवर होता आणि टेक्सासमधले कोणी गृहस्थ सर्व्हर का पडला हे अर्ध्या तासापासून सगळ्यांना समजावून सांगत होते. देवदत्तने त्यांचा आवाज बंद केला आणि मोबाइल कानाला लावला. "बाबा, डिफर्ड," नेत्रा म्हणाली. एवढंच. मग जरा थांबून, "रिजेक्ट नाही केलं. अ‍ॅक्सेप्ट पण नाही. दे'ल डिसाइड इन मार्च, विथ एव्हरीबडी एल्स." आवाज कोरडा होता, रडून झाल्यानंतरचा की रडण्याआधीचा, ते कळत नव्हतं. बापाला वाईट वाटावं असाच तो क्षण होता. मुलीने इतर सगळी कॉलेजं बाजूला ठेवून नोव्हेंबरातच या एका कॉलेजला अर्ज केला होता, घेतलंत तर तुमच्याकडेच येईन असं सहीनिशी लिहून दिलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं, नुसतं पुढे ढकललं होतं. पण देवदत्तचं झालं भलतंच. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. वेटिंग लिस्ट! म्हणजे कुठेतरी एक यादी आहे, यादीत आपलं नाव आहे, आणि यादी अजून बंद झालेली नाही. "अगं, मग छानच आहे की!" तो इतक्या मोठ्यांदा म्हणाला की पलीकडच्या क्यूबिकलमधून एक टक्कल वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. मग नेत्राने विचारलं, "बाबा, आर यू ओके?"

अल्फारेटाकडे, घरी जाणारा हायवे नेहमीसारखा तुंबला होता, पण आज त्याला त्याचं काही नव्हतं. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून तो पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे पाहून हसत होता. या देशात येऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत एकाही बाबतीत आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं असं त्याला वाटलं नव्हतं. शाळेतल्या काउन्सिलरबाईंसमोर तो पाहुण्यांकडे आल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. निबंधात स्वतःविषयी काय लिहावं, शिक्षकांनी शिफारशीत काय म्हणावं, मुलीला कशाची 'पॅशन' असावी, यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. बाई बोलत आणि तो मान हलवी. पण वेटिंग लिस्ट? वेटिंग लिस्ट हा त्याचा घरचा विषय होता. त्यात त्याने पदवी घेतली होती म्हटलं तरी चालेल. आसपासच्या ज्या ज्या मराठी घरी देवदत्त एकदा तरी जेवला होता, त्या प्रत्येक घराला एक्केचाळीस हा आकडा पाठ होता. ऐंशी साली, नागपूरला, इंजिनिअरिंगच्या प्रतीक्षा यादीत तो एक्केचाळिसावा होता. घरच्यांनी बी.एस्सी.चा फॉर्मसुद्धा आणून ठेवलेला. तो मात्र रोज सकाळी दहाला कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसे आणि पाचला उठे. असे बावीस दिवस. काउंटरवर पुरुषोत्तमबाबू नावाचे क्लार्क होते, ते आधी ओरडत, मग दुर्लक्ष करू लागले, मग चहा मागवताना त्याच्यासाठी एक कट जास्त सांगू लागले. शेवटच्या दिवशी पाच वाजता एक जागा उरली. बाबूंनी यादी उघडली. अडतीस, गैरहजर. एकोणचाळीस, गैरहजर. चाळीस, गैरहजर. एक्केचाळीस? इथे देवदत्त हातात असेल ते, पुरी म्हणा, चमचा म्हणा, वर करून ओरडे, "हजर!" पाहुणे हसत. मग तो तिथल्या पोरांकडे वळून म्हणे, "हुशार पुष्कळ असतात रे. हजर राहावं लागतं." ही गोष्ट सुरू झाली की त्याची बायको, कांचन, वरण गरम करायला आत जाई, आणि ते वरण बहुतेक वेळा आधीच गरम असे.

घरी नेत्रा आपल्या खोलीत जमिनीवर बसली होती. भोवती तिचे दगड. तिला दगडांचं वेड होतं, अगदी लहानपणापासून. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बारीक अक्षरात गाव, तारीख. सिंहगडाचा एक होता, टेनेसीचे चार, शेजारच्या पार्किंगमधला एक. उन्हाळ्यात तिने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं हे चिमुकलं कॉलेज पाहिलं होतं. कॉलेजच्या मागे ओढा वाहतो आणि भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक मुलांना पहिल्याच आठवड्यात त्या ओढ्यात उतरवतात, एवढ्यावर ती त्याच्या प्रेमात पडली होती. देवदत्तला तेव्हा ते फारसं रुचलं नव्हतं. इंजिनिअरिंग नाही, नाव कोणी ऐकलेलं नाही. कुठे सांगायला गेलं की लोक "अच्छा, अच्छा" म्हणून विषय बदलत. पण आता त्या कॉलेजने आपल्याला दाराबाहेर थांबवलंय म्हटल्यावर त्याला ते एकदम लाखमोलाचं वाटायला लागलं. आता तर तिथेच जायचं. तो तिच्याजवळ मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ते काय म्हणतात नक्की? वाच." नेत्राने पत्र वाचलं. मार्चपर्यंत अर्जात नवीन काही भर घालायची असेल तर घालावी, असं त्यात होतं. "नवीन म्हणजे काय?" "आय डोन्ट नो, बाबा. ग्रेड्स. पत्र लिहायचं, की मला अजून यायचंय. आणि इंटरव्ह्यू." हा शब्द आला तसं देवदत्तने जवळचा एक दगड उचलून त्यावरची चिकटपट्टी वाचायला घेतली. ऑक्टोबरात, अर्ज करण्याआधीच, कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलं होतं, सक्तीचं नाही, हवं तर या म्हणून. हवं तर या म्हणजे नका येऊ, असं देवदत्तने ठरवून टाकलं होतं. ज्या प्रश्नाला मार्क नाहीत तो सोडवत बसायचं नाही, हे त्याच्या पिढीच्या रक्तातच होतं. त्या दिवशी मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती, नेत्राला निवेदन करायचं होतं, ती तिकडे गेली. "माझं चुकलं ते," तो म्हणाला. नेत्राने मान वर करून पाहिलं. बाबा चुकलं म्हणतो, हे तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सोमवारी त्याने कॉलेजला फोन लावला. इंटरव्ह्यू बुधवारी, एकोणीस तारखेला संपतात, त्यानंतर या वर्षी नाहीत, आणि बुधवारच्या सगळ्या वेळा भरल्या आहेत, असं पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. मग, केवळ चांगुलपणाने, एक वाक्य जास्त बोलल्या. कधी कधी कोणी येत नाही, पण आम्ही काही कबूल करू शकत नाही हं. देवदत्तला पुढचं ऐकूच आलं नाही. कोणी येत नाही! त्याने त्यांचे तीनदा आभार मानले. त्या दुपारी तो बँकेत गेला आणि नोटरी करणाऱ्या माणसाकडून नेत्राच्या नववीपासूनच्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्सवर शिक्के मारून घेतले, तीन-तीन प्रती. स्पेलिंग बीचं दुसरं बक्षीस, सायन्स फेअर, गाण्याची परीक्षा, ग्रंथालयातलं काम. नोटरी बिचारा शिक्के मारता मारता दोनदा थांबून त्याच्याकडे पाहत राहिला. घरी आल्यावर ती निळी फाइल पाहून कांचनने कपाळाला हात लावला. "अहो, असं जाऊन धडकायचं नसतं इथे. ते काय तुमचे पुरुषोत्तमबाबू आहेत?" "माणसं सगळीकडे सारखीच असतात." "आणि नाही मिळाला इंटरव्ह्यू, तर? पोरीला पुन्हा एकदा नाही ऐकायला लावणार आहात?" तो गाडीच्या टायरमधली हवा बघायला खाली गेला. बुधवारी सकाळी कांचनने मेथीच्या दशम्या, दाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा दिला, आणि नेत्राच्या कोटाचं वरचं बटण लावताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते देवदत्तला कळलं नाही. नेत्रा फक्त म्हणाली, "आय नो, आई. तो एक्साइट झालाय. लेट हिम."

आणि एक्साइट तर तो झालाच होता. रात्री दोन-तीनदा जाग आली होती ती काळजीने नव्हे, सहलीच्या आदल्या रात्री येते तशी. डोंगर सुरू झाले तसं आभाळ खाली आलं आणि काचेवर पावसाचे थेंब पडता पडताच गोठायला लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर कापून काढलेला, त्याच्या आतल्या पट्ट्या उघड्या. नेत्रा एकदम पुढे वाकली. "बाबा, स्लो डाउन! ते बघ, ते वाकलंय ना, त्याला फोल्ड म्हणतात. पूर्वी ते सगळं फ्लॅट होतं, समुद्राच्या तळाशी. दॅट'स लाइक फाइव्ह हंड्रेड मिलियन इयर्स." तिचे डोळे चमकत होते. देवदत्तने गाडी हळू केली. नऊ वर्षं तो अशा कापलेल्या डोंगरांमधून गाड्या हाकत होता आणि त्याला ते फक्त ओले किंवा कोरडे दिसले होते. दाबलं की दगडसुद्धा वाकतो, हे ऐकून त्याला विलक्षण आनंद झाला, का ते सांगता आलं नसतं. त्या आनंदाच्या भरात त्याने गोष्ट सुरू केली. नेत्राने पहिल्या दोन वाक्यांनंतर ती त्याच्याकडून काढून घेतली. "थर्टी एट, अ‍ॅबसेंट. थर्टी नाइन, अ‍ॅबसेंट. फोर्टी, अ‍ॅबसेंट. हजर! आय नो, बाबा." दोघंही हसले. मग चटणीचं बोट चाटत तिने विचारलं, "पण ते थर्टी एट का नाही आला? बाकीचे जाऊ दे, पण ही वॉज फर्स्ट, राइट? मी त्याच्या जागी असते तर आय वुड हॅव स्लेप्ट देअर." सत्तावीस वर्षांत किती दिवाणखान्यांमध्ये ही गोष्ट सांगून झाली होती, आणि हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. "बस चुकली असेल," देवदत्त म्हणाला. "असेल म्हणजे? तू विचारलं नाही?" "कोणाला विचारणार?" एवढं बोलून त्याने वायपर वाढवले. वायपर आधीच जोरात चालले होते.

एकनाथ भोयर. काटोलकडचा. नाव मनात आलं की त्याच्यामागोमाग पहिली आठवण येई ती एका पिवळ्या पिशवीची. कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मार्कलिस्टा आणि दाखले, आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रात बांधलेली भाकर. शेवटचे आठ दिवस तोही बाकावर येऊन बसू लागला होता. देवदत्तला यायला उशीर झाला तर एकनाथ ती पिशवी आपल्या शेजारी ठेवून जागा धरी, आणि देवदत्त दिसला की पिशवी उचलून मांडीवर घेई. बोलायचा कमी. आपण अडतीस आणि हा एक्केचाळीस, याचं त्याला काही वाटत नसे. दोघांचं होईल की बे, म्हणायचा. भाकरीबरोबरचा ठेचा असा की देवदत्तच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि एकनाथ मनापासून हसायचा. सांगण्यासारखा होता तो, पण गोष्टीत त्याचं नाव कधी आलं नाही. गोष्टीत नुसता नंबर होता. मागच्या वर्षी ऑफिसातल्या पोरांनी देवदत्तला ऑर्कुटवर खातं उघडून दिलं, तेव्हा त्याने एकदा दुपारी ते नाव टाइप केलं होतं. सहा-सात एकनाथ भोयर निघाले. फोटो उमटायच्या आतच त्याने ते पान बंद केलं आणि उठून कॉफी आणायला गेला.

कॉलेजात पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते. वेबसाइटवरच्या नकाशात अ‍ॅडमिशन ऑफिस म्हणून जी दगडी इमारत दाखवली होती तिला कुलूप. दोघांनी दार ढकललं, मागून जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आले. मग नेत्राला पायरीवर ओला होऊन पडलेला कागद दिसला. दुरुस्तीचं काम चालू असल्याने ऑफिस समोरच्या हिरवळीपलीकडल्या पांढऱ्या घरात हलवलं आहे, असं त्यावर छापलेलं, खाली बाण. दारावरून निघून पडला होता. नेत्रा तो दाराच्या फटीत खोचायला लागली. "राहू दे गं, उशीर होतोय, चल," देवदत्त म्हणाला आणि तिचा हात धरून निघाला. कागद पुन्हा खाली पडला. पांढऱ्या घरात उबदार होतं, कोपऱ्यात ख्रिसमसचं झाड, गोल टेबलावर बरणीत गोळ्या. काउंटरमागे हरणांचं चित्र विणलेला स्वेटर घातलेल्या बाई. फोनवरच्या त्याच. देवदत्तने निळी फाइल त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी पानं चाळली, शिक्क्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माय गुडनेस, तुम्ही हे सगळं नोटराइझ केलंत?" नेत्रा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली; तिचे कान मागून लाल दिसत होते. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर पाहिलं. साडेचारची एक मुलगी आहे, टेनेसीहून येते आहे, शेवटची. रस्ते वाईट आहेत म्हणून पावणेपाचपर्यंत वाट पाहू. नाही आली, तर ती वेळ तुमची. त्यांनी रजिस्टरमध्ये पेन्सिलने नेत्राचं नाव लिहिलं. कोणाच्या तरी नावाखाली.

तेव्हापासून देवदत्तच्या अंगात वारं शिरलं होतं. खुर्चीत बसून त्याचा पाय आपोआप हलत होता. नेत्रा वहीत पत्र लिहीत होती, खोडत होती. मधेच तिने विचारलं, "'ऑप्टिमिस्टिक' बरोबर आहे का इथे?" आणि तो न ऐकताच हो म्हणाला. चार वाजून दहा. चार वीस. दर वेळी बाहेर गाडी थांबली की तो खुर्चीतून अर्धा उठे, आणि पोस्टमन निघाला, कुरिअरवाला निघाला की इतकं बरं वाटे की चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो बरणीतली गोळी घेई. अशा चार गोळ्या झाल्या. चार तीस. बाहेर बर्फाचा पाऊस. येऊ नको, तो मनात म्हणत होता, अगदी नाव नसलेल्या त्या मुलीला उद्देशून, लाडाने म्हणावं तसं, आज नको गं येऊस, रस्ते वाईट आहेत, घरी जा. चार पस्तीस. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहून भुवया किंचित उंचावल्या, म्हणजे शक्यता आहे. त्याला हसू फुटलं. हाच तो आनंद. अगदी हाच. जिभेवर चव यावी तसा तो सत्तावीस वर्षांनी परत आला होता, आणि चव ओळखीची वाटली म्हणूनच की काय, त्याच्या तळहातांना घाम फुटला. नेत्रा कोट काढून केस नीट करायला लागली. "बाबा, आय थिंक इट्स हॅपनिंग," ती कुजबुजली. तिच्या आवाजात जे होतं ते शुक्रवारपासून त्याने ऐकलं नव्हतं. चार एक्केचाळीस झाले, आणि त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

हिरवळीपलीकडे, दगडी इमारतीच्या पायऱ्यांवर, एक उंच माणूस आणि एक मुलगी उभी होती. माणसाने एका हातात दोघांवर छत्री धरली होती आणि दुसऱ्या हाताने तो दार ओढत होता. मुलगी काचेला कपाळ लावून आत बघत होती. तिच्या हातात काहीतरी होतं, ते ती कोटाच्या आत धरून पावसापासून वाचवत होती. दार उघडत नव्हतं. माणूस पायरी उतरून मागच्या बाजूला निघाला. देवदत्तने झटकन खोलीत पाहिलं. बाई पाठ फिरवून कॉपी मशीनमध्ये कागद भरत होत्या. नेत्रा छोट्या आरशात बघून क्लिप लावत होती. पाहणारा तो एकटाच होता. पावणेपाचला चार मिनिटं होती.

नागपूरला, त्या शेवटच्या दिवशीही पाहणारा तो एकटाच होता. ऑफिसचं छत गळत होतं म्हणून सकाळीच काउंटर मागच्या वर्कशॉपच्या इमारतीत हलवला होता. देवदत्त गावातलाच, दहाला हजर, त्याला कळलं. एकनाथला आदल्या दिवशी बाबूंनी रहिवासाचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं होतं, तो तहसीलला गेला होता; पाचच्या आत येतोच, जागा धरून ठेव बे, असं सांगून गेला होता. पाचला पाच मिनिटं असताना देवदत्त वर्कशॉपच्या खिडकीत उभा होता. समोरच्या गेटातून एकनाथ धावत आला. हातात ती पिवळी पिशवी. तो जुन्या ऑफिसकडे वळला, दाराशी थांबला, दार ढकललं, इकडेतिकडे पाहिलं, मग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे धावला. मध्ये फार तर दीडशे पावलं होती. खिडकीला काच नव्हती. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. देवदत्तने तोंड उघडलं होतं, हे त्याला नीट आठवतं. उघड्या तोंडात वर्कशॉपच्या ग्रीसचा वास गेला होता. मग त्याने तोंड मिटलं. एकोणचाळीस दुसरीकडे गेला होता, चाळीसला मेडिकल मिळालं होतं, हे बाकावर सगळ्यांना ठाऊक होतं. मध्ये उरला होता तो एकनाथच. बाबूंनी त्याचं नाव तीनदा पुकारलं. चांगले होते बाबू, तिसऱ्यांदा पलीकडच्या बाजूच्या दारापर्यंत जाऊन पुकारलं. भोयर एकनाथ! आणि मग एक्केचाळीस म्हटल्यावर देवदत्त जे ओरडला ते आजवर त्याने पाहुण्यांना करून दाखवलं होतं, तेवढंच मोठ्याने. सही झाली. मागच्या गेटाने सायकल काढून तो घरी गेला, आई दारातच उभी होती, आणि त्याला आनंद झाला होता. हे त्याला कधी कोणाला सांगता आलं नसतं. वाईट नंतर वाटलं, आणि पुष्कळ वाटलं, वर्षानुवर्षं वाटलं, पण त्या संध्याकाळी निव्वळ आनंद झाला होता, पाय जमिनीवर ठरत नव्हते.

खिडकीबाहेरचा माणूस इमारतीला वळसा घालून पुन्हा पुढे आला होता. त्याने मुलीला काहीतरी म्हटलं, मुलीने मान हलवली, आणि दोघं पायऱ्या उतरून पार्किंगच्या दिशेने चालू लागली. देवदत्त उठला. फाइल मांडीवरून घसरली, शिक्के मारलेले कागद गालिचाभर पसरले. "बाबा?" नेत्रा म्हणाली. त्याने कोट घेतला नाही, दार उघडलं आणि पायऱ्यांवरून अक्षरशः घसरतच खाली गेला. बर्फाचा पाऊस तोंडावर सुयांसारखा लागत होता. हिरवळीवर बुटांखाली गोठलेलं गवत करकर मोडत होतं. तो धावत होता. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस दोन्ही हात वर करून परक्या कॉलेजच्या मैदानातून धावत होता, आणि आवाज फुटला तो त्याला न विचारताच. "एकनाथ! ए एकनाथ! इकडे! इकडे आहे!"

पार्किंगजवळ छत्री थांबली. उंच माणसाने वळून पाहिलं. आपल्याला अनोळखी भाषेत कोण हाका मारतंय हे त्याला कळलं नसेल, पण वर केलेले हात त्याला कळले. देवदत्त धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोचला, पांढऱ्या घराकडे बोट दाखवून "ऑफिस, देअर, हरी, यू हॅव थ्री मिनिट्स," एवढं कसंबसं म्हणाला आणि परतीच्या वाटेत त्यांच्या पुढे धावतच निघाला, जसं काही ते रस्ता चुकतील. मुलीचं नाक लाल झालं होतं. कोटात धरलेली वस्तू एक वही होती. स्वेटरवाल्या बाईंनी तिघांना एकदम आत आलेलं पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि त्या मुलीला आतल्या खोलीकडे घेऊन गेल्या. मुलीचा बाप देवदत्तचा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिला. मग त्याला गाडीचे दिवे चालू राहिल्याचं आठवलं आणि तो बाहेर गेला. काउंटरवर रजिस्टर उघडं होतं, आणि त्यात पेन्सिलने लिहिलेलं नेत्राचं नाव तसंच होतं.

देवदत्तच्या केसांतून पाणी गळत होतं. छाती भात्यासारखी चालली होती. त्याला काय झालंय ते त्यालाच कळत नव्हतं. हसावं की बसावं की पुन्हा एकदा बाहेर जाऊन धावून यावं. मुलीचं नुकसान केलं आपण, हे दिसत होतं, अगदी समोर उभं होतं, आणि तरी हा आनंद मावत नव्हता. नेत्रा सांडलेले कागद गोळा करून गुडघ्यांवर बसली होती. तिचे डोळे भरले होते. "दॅट वॉज माय स्लॉट," ती म्हणाली.

"हो."

"फोर मिनिट्स, बाबा. फक्त चार मिनिटं."

"हो. तुझी वेळ होती ती. मी घालवली."

तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. कागद फाइलमध्ये भरले, स्पेलिंग बीचा उलटा गेला होता तो सरळ केला. मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्याच्या ओल्या बुटांकडे पाहत राहिली. आतल्या खोलीतून त्या टेनेसीच्या मुलीचा आवाज येत होता, आधी बारीक, मग जरा धीट.

"बाबा, एकनाथ कोण?"

देवदत्तने तोंड उघडलं. "अडतीस नंबर," तो म्हणाला.

गोष्ट तिला पाठ होती. तिला जास्त काही सांगावं लागलं नाही. तिने एकदा खिडकीतून हिरवळीपलीकडल्या दगडी इमारतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तो आला होता?"

"आला होता."

नेत्राची बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली होती. ती तिने उचलून मांडीवर घेतली, आणि देवदत्त तिच्याजवळ जाऊन बसला.